पिशव्या सांभाळायला कोण बसणार?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. खरं खरं उत्तर द्या हं! तुमच्या गावाजवळ जे काही प्रसिद्ध आहे, मग तो किल्ला असो, लेणी असोत की धबधबा, ते तुम्ही स्वतः, सावकाश, शेवटपर्यंत पाहिलं आहे का?

गेल्या वर्षीच्या आश्विनापर्यंत माझं उत्तर ‘नाही’ असंच होतं. लग्न होऊन मी औरंगाबादेत आले त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. (२०२३ साली गावाचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, पण माझ्या लग्नपत्रिकेवर औरंगाबादच छापलेलं आहे.) ह्या गावात राहायचं म्हणजे घरात पाहुण्यांचा राबता असणारच. दिवाळीत दिरांकडचे, उन्हाळ्यात माहेरचे, मधूनच ह्यांच्या कचेरीतले. आणि पाहुणे आले की देवगिरी आणि वेरूळ हे ठरलेलंच. पहाटे उठून डबे भरायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, लहान मुलांचे कपडे घ्यायचे. किल्ल्याच्या दाराशी गेलं की कुणीतरी म्हणायचंच, “तुम्ही तर नेहमीच बघता, नाही का वहिनी? मग एवढ्या पिशव्या जरा धरता?” मग मी झाडाखाली बसत असे. मांडीवर कुणाचं तरी बाळ, शेजारी चपलांचा ढीग!

गेल्या गणपतीत भाचेसून आली होती. नवीन लग्न, डोळ्यांत सारी उत्सुकता. तिनं सहज विचारलं, “मामी, देवगिरीच्या अगदी वरून काय काय दिसतं हो?” आणि मला उत्तर देता येईना. किल्ल्यावर निदान दहा-बारा वेळा गेले असेन, पण वर कधी गेलेच नव्हते! सासूबाई शेजारी फुलवाती वळत होत्या. मी त्यांना म्हटलं, “आई, तुम्ही गेला होतात का हो वर?” त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, “मी कशी जाणार? मग पिशव्या कुणी धरायच्या?”

आईंचं वय अठ्ठ्याहत्तर. म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षं त्या, आणि त्यांच्यानंतर पस्तीस वर्षं मी. एकाच झाडाखाली दोन पिढ्या बसल्या की हो! त्याच रात्री मी धाकट्या जाऊबाईंना फोन लावला. दसरा झाला की कोजागरीच्या आधी दोन दिवस काढायचे, तिघींनीच जायचं आणि पुरुषमंडळींनी घर सांभाळायचं, असं ठरलं.

आमची तयारी

घरी पहिला प्रश्न आला तो ठराविकच. “दोन दिवस? मग जेवायचं काय?” मी म्हटलं, “कुकर कुठे आहे ते तुम्हांला माहीत आहे. डाळ-तांदूळही तिथेच आहेत.” विषय संपला.

बरोबर घेतलं ते मोजकंच. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि लिंबू-साखर-मीठ एकत्र करून बाटलीत. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की दोन दिवस मऊ राहतात. दही मात्र नेऊ नका, उन्हात आंबतं. पायांत पट्ट्यांचे बूट किंवा मागून बांधायच्या चपला असाव्यात. साडी नेसणारच असाल तर सुती आणि घोट्याच्या वर. आम्ही दोघी जावा पंजाबी पोशाखात होतो, आईंचं नऊवारीच होतं, आणि सांगायला हरकत नाही, पायऱ्यांवर सर्वांत मोकळ्या त्याच चालत होत्या!

आम्ही ओळखीतल्या एका भाऊंची जीप ठरवली, कारण आम्हांला म्हैसमाळ आणि पितळखोऱ्यापर्यंत जायचं होतं. तुम्हांला फक्त देवगिरी, खुलताबाद आणि वेरूळ पाहायचं असेल तर एसटी उत्तम. २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तेव्हा सासूबाईंना नेण्याचा खर्च शून्य, बरं का!

देवगिरी: मिठाची पोती आणि मोकळे हात

शहरापासून पंधरा किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या दिसायला लागल्या की दौलताबाद आलं म्हणून समजावं. आश्विन-कार्तिकात इथली सीताफळं घ्यायलाच हवीत. डोळे उघडलेली, बोटानं किंचित दबणारी घ्यावीत. कडक असली तर तांदळाच्या डब्यात ठेवावीत, दोन दिवसांत पिकतात.

हा सगळा मुलूख अग्नीतून जन्मला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा उसळला, थरावर थर साचले आणि त्यांचा हा काळा दगड झाला. म्हणूनच आपल्या डोंगरांचे माथे सपाट आणि कडे पायऱ्यापायऱ्यांचे असतात. अखंड, कठीण आणि तरीही छिन्नीला वश होणारा हा दगड नसता तर ना देवगिरी झाली असती, ना वेरूळ.

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांच्या भिल्लमानं देवगिरीला राजधानी केली. किल्ल्याचा डोंगर खालच्या बाजूनं चहूकडून सरळसोट तासला आहे, जवळजवळ दीडशे फूट! घोरपडीलाही चढता येऊ नये असा. त्याच्या पायथ्याशी खंदक, आणि बाहेर तटाच्या एकामागून एक भिंती. असा किल्ला पडलाच कसा, असा प्रश्न कुणालाही पडेल. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवरायानं घाईघाईनं पोती गडावर घेतली. धान्याची म्हणून घेतलेली ती पोती वेढ्यात उघडली तर मिठाची निघाली, असं जुन्या तवारिखेत लिहिलं आहे. हे ऐकून आई म्हणाल्या, “एखाद्या बाईला विचारलं असतं तर हात लावून सांगितलं असतं तिनं, मीठ आहे का जोंधळा!” आम्ही हसलो, पण मला ते पटलं. महिन्याचं वाणसामान आपण कधी न बघता भरतो का?

पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि नाव ठेवलं दौलताबाद. आत शिरल्यावर उजव्या-डाव्या हाताला पाहण्यासारखं पुष्कळ आहे. पायऱ्यांची सरस्वती बावडी आहे. दुरूनही नजरेत भरणारा, पंधराव्या शतकातला चाँदमिनार आहे. जुन्या देवळांचे खांब वापरून उभारलेली मशीद आहे, जिथे १९४८ नंतर भारतमातेची मूर्ती बसवली. आणि चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा ह्याला १६८७ नंतर इथेच कैदेत ठेवलं होतं.

चाँदमिनारापर्यंतची वाट फारशी चढाची नाही. तिथवर आई आल्या. एका ओट्यावर बसल्या आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले. “आणा इकडं.” काय आणा? पिशव्या तर आम्ही मुद्दाम जीपमध्ये ठेवल्या होत्या! आमच्या हातांत पाण्याची एकेक बाटली, बाकी काही नाही. आईंनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, “जा आता. फोटो नको काढून आणू. मला तोंडानं सांग.”

मैत्रिणींनो, चढ सोपा नाही. खंदकावरचा पूल ओलांडला की ‘अंधारी’ लागते. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा भुयारी जिना. दिवसाढवळ्या मिट्ट काळोख, वटवाघळांचा वास आणि अचानक वळणारी वाट. शत्रू आत शिरलाच तर उजेड दिसेल तिकडे धावायचा आणि थेट खंदकात कोसळायचा, अशी योजना. वरच्या तोंडाशी लोखंडी पत्रा टाकून त्यावर विस्तव पेटवायचे म्हणजे सारा धूर भुयारात. काळोखाची भीती वाटत असेल तर बाहेरून वळसा घालणाऱ्या पायऱ्या आहेत, त्यात कमीपणा नाही. आम्ही मात्र मोबाईलचा दिवा लावून अंधारीतूनच गेलो. धाकटी माझा दंड घट्ट धरून होती, आणि खरं सांगायचं तर मीही तिचा!

पुढे गणपतीचं देऊळ, मग शहाजहानच्या काळातली बारादरी, आणि मग माथा. तिथेच तोफेजवळ जनार्दनस्वामींचं स्थान आहे. स्वामी ह्या किल्ल्याचे किल्लेदार, आणि पैठणचे एकनाथ महाराज त्यांचे शिष्य.

आणि वरून काय दिसतं? भाचेसुनेला मी आता सांगू शकते. तटाच्या भिंती एकात एक ठेवलेल्या कड्यांसारख्या दिसतात. चाँदमिनार उदबत्तीएवढा. एका बाजूला शहर धुरकट पसरलेलं, दुसऱ्या बाजूला खुलताबादचं हिरवं पठार. आणि खाली एका ओट्यावर हिरव्या लुगड्याचा एक ठिपका, तो मात्र दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

खाली आल्यावर मी आईंना सगळं सांगितलं. अंधारी किती पावलांची, वर वारा कसा लागतो, कुठे दम लागला. त्यांनी मधेमधे इतके प्रश्न विचारले की मी परत वर जाऊन पाहून यावं असं वाटलं!

खुलताबादच्या वाटेवर

दौलताबादहून रस्ता घाटानं पठारावर चढतो. वाटेत कागजीपुरा लागतं, हातकागदासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. पुढे खुलताबाद. ह्या लहानशा गावाच्या मातीत किती थोरामोठ्यांनी विसावा घेतला आहे! बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी ह्या सूफी संतांचे दर्गे इथे आहेत. १७०७ मध्ये वारलेला औरंगजेब ह्याच झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला आहे. एवढ्या मोठ्या बादशहाची कबर, पण वर छप्पर नाही. त्याची इच्छाच तशी होती. संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची.

मला स्वतःला ओढ होती ती मलिक अंबरच्या कबरीची. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्यानं खडकी वसवली, तेच आपलं आजचं शहर. डोंगरातलं पाणी नहरीनं शहरात खेळवलं ते त्यानंच. पाण्याची टंचाई काय असते ते आम्हां संभाजीनगरच्या बायकांइतकं कुणाला ठाऊक? टँकरची वाट पाहत रात्री जागणाऱ्या माझ्यासारखीनं ह्या माणसाला हात जोडले नाहीत तरच नवल.

खुलताबादलाच भद्रा मारुती आहे. हनुमान इथे चक्क झोपलेला आहे! असं रूप फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून माणसं रात्रभर चालत येतात. जवळच सुलीभंजनच्या टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे. एकनाथांनी इथे तप केलं असं मानतात. देवळाजवळ एक शिळा आहे, तिच्यावर खडा आपटला की धातूसारखा नाद उमटतो. आईंनी तीनदा वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, “आपल्या घरच्या पितळी परातीचा आवाज ह्याहून फुटका आहे.”

वेरूळ: राणीचा नवस

वेरूळला आम्ही दुपारी उतरलो. एक सूचना आधीच देते: लेणी मंगळवारी बंद असतात. मंगळवारी पोचून हिरमुसून परतलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

इथे एकूण चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. डोंगराच्या कडेनं ती सुमारे दोन किलोमीटर पसरली आहेत. सगळी एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नका. बरोबर वयस्कर माणूस असेल तर तीनच पाहा: कैलास, म्हणजे सोळावं, दहावं ‘सुताराची झोपडी’ आणि जैनांचं बत्तिसावं. दहाव्या लेण्याचं छत लाकडी वाशांचं असावं तसं कोरलं आहे. वर पाहत राहिलं की दगड आहे हेच विसरायला होतं.

कैलास हे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. आपण घर बांधतो ते पायापासून. इथे उलटं. डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात केली आणि कोरत कोरत खाली आले. आधी कळस, मग शिखर, मग खांब, शेवटी जोतं. सुमारे दोन लाख टन दगड काढून टाकला असा अंदाज आहे. एक घाव चुकला तर डागडुजी करायला जागा नाही.

असं उलटं का कोरलं ह्याची एक जुनी कथा आहे. एलापूरचा राजा आजारी पडला. राणीनं घृष्णेश्वराला नवस केला, राजा बरा होऊ दे, मी शिवाचं देऊळ बांधीन, आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला! आता आली पंचाईत. एवढं देऊळ व्हायचं केव्हा आणि राणी जेवायची केव्हा? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. आणि त्यानं वरून कोरायला घेतलं. कथा ती कथा. पण नवऱ्यासाठी उपाशी बसलेली बाई हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीतही आहेच, आणि तिला लवकर जेवता यावं म्हणून डोकं लढवणारा एक माणूसही आहे, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

आई वेरूळला कितीदा आल्या असतील! पण घृष्णेश्वराचं दर्शन झालं की लेण्यांच्या फाटकाशी त्यांची बसायची जागा ठरलेली. त्या दिवशी त्या पहिल्यांदा आत आल्या. दारातून शिरताच समोर कमळांत बसलेली गजलक्ष्मी, हत्ती तिच्यावर कलश ओततायत. आई थबकल्या. “ही इतकी वर्षं इथंच बसली होती?” एवढंच म्हणाल्या.

कैलासाचं अंगण सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्या बायकांनाही फिरता येतं. आम्ही दोन तास फिरलो. एका बाजूला गंगा, यमुना आणि सरस्वती ह्यांचं लहानसं लेणं आहे. जोत्यावर ओळीनं हत्ती उभे आहेत, जणू सारं देऊळ पाठीवर घेतलं आहे. दुसऱ्या बाजूला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प. शंकर शांत आहे, पार्वतीनं दचकून त्याचा दंड धरला आहे, आणि मागे एक दासी चक्क पळत सुटली आहे! देवांच्या गर्दीत ही पळणारी बाई कोरणाऱ्या त्या कारागिराला माणसं चांगली कळत असणार. धाकटी म्हणाली, “ताई, सकाळी अंधारीत तुम्ही माझा दंड अस्साच धरला होता.”

संध्याकाळी घृष्णेश्वराला गेलो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. आधी मालोजीराजे भोसल्यांनी, म्हणजे शिवरायांच्या आजोबांनी, देवळाची दुरुस्ती केली. ते वेरूळचेच. पुढे अठराव्या शतकात आजचं तांबड्या दगडाचं देऊळ उभं राहिलं, त्याचं श्रेय होळकरांच्या घरातल्या सासू-सुनेला दिलं जातं: मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई आणि सून अहिल्याबाई. जवळचं पायऱ्यांचं शिवालय तीर्थही अहिल्याबाईंचं. सासू-सुनेनं मिळून केलेलं काम एवढं टिकाऊ होतं, हे मी आईंना मुद्दाम ऐकवलं.

घृष्णेश्वराची कथा तुम्हांला ठाऊक असेलच. सुदेहाला मूल होईना म्हणून तिनं आपल्या बहिणीला, घुष्मेला, नवऱ्याशी लग्न लावून घरी आणलं. घुष्मेला मुलगा झाला, सुदेहाच्या मनात विष भरलं आणि तिनं त्याचा जीव घेतला. घुष्मा रोज मातीची शिवलिंगं करून तळ्यात सोडायची, ते तिनं थांबवलं नाही. मुलगा परत आला, आणि तिनं बहिणीसाठी क्षमा मागितली. मी घुष्मेचं कौतुक करत होते, तर आई म्हणाल्या, “सुदेहाचं कामून कुणी बोलत नाही गं? मूल नाही म्हणून किती बोलणी खाल्ली असतील तिनं, तेव्हाच स्वतःच्या हातानं सवत आणली ना.” पन्नास वर्षं त्या देवळात येत होत्या, आणि हे त्यांच्या मनात आहे ते मला त्या दिवशी कळलं.

म्हैसमाळची रात्र

खुलताबादपासून बारा-एक किलोमीटर वर म्हैसमाळ. आमच्या भागातलं थंड हवेचं ठिकाण. महाबळेश्वरसारखा बाजार इथे नाही, घोडे नाहीत, स्ट्रॉबेरी नाही. आहे ते मोकळं पठार, गवत, वारा, गिरिजादेवीचं जुनं देऊळ, बालाजीचं मंदिर आणि दूरदर्शनचा उंच मनोरा. राहायच्या जागा मोजक्याच आहेत, म्हणून आधी फोन करून खोली पक्की करा. रात्री अंगावर घ्यायला शाल हवीच.

कोजागरीला दोन दिवस होते. चंद्र जवळजवळ पुरा होता. आम्ही दूध मागवलं, घरून आणलेला मसाला घातला आणि अंगणात बसलो. आईंचं माहेर कन्नड तालुक्यातलं. समोरच्या काळोखाकडे बोट करून त्या बोलत राहिल्या. १९७२च्या दुष्काळात त्यांची आई आणि भावजय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. हातांना फोड यायचे, तरी संध्याकाळी चूल पेटवायचीच. “तेव्हा हा डोंगर बघितला की पोटात गोळा यायचा,” त्या म्हणाल्या. “आज पहिल्यांदा नुसता बघत्येय.”

पितळखोरे: दत्ताचा खांब

दुसऱ्या दिवशी कन्नडच्या बाजूला निघालो. हे सातमाळ्याचे डोंगर. इथलं जंगल १९८६ मध्ये गौताळा-औट्रामघाट अभयारण्य म्हणून जाहीर झालं. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे जळगावपर्यंत ते पसरलं आहे, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. पावसाळ्यात आणि नंतर दोन महिने डोळे निवतील असं हिरवं असतं.

पितळखोऱ्याची लेणी एका खोल घळीत आहेत. गाडी वर पठारावर थांबते आणि पायऱ्या खाली उतरतात. उतरताना सोपं वाटतं, चढताना कळतं! ही लेणी वेरूळहूनही जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. पुष्कळ पडझड झाली आहे. पण दाराशी उभे द्वारपाल, हत्तींची रांग आणि पलीकडे धबधब्याचा आवाज, एवढ्यानंच पाय फिटतात. इथे सापडलेला एक हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर करणाऱ्याचं नाव आहे: कण्हदास सोनार.

खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. बहुतेक पैठणची माणसं. त्यांत राजवैद्य मगिल आहे, आणि त्याच्या मुलीचंही नाव आहे, दत्ता. दोन हजार वर्षांपूर्वीची एक मुलगी! तिच्याबद्दल आणखी काहीच लिहिलेलं नाही, पण तिनं स्वतःच्या नावानं दान केलं आणि ते नाव दगडावर राहिलं. मी विचार करत होते, माझं नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे? रेशनकार्डावर आणि डब्यांवर. स्टीलच्या डब्यांवर आपण नावं घालून घेतो ना, तिथे!

वर आलो तर आई दोन गुराखणींच्या मधोमध बसून करटुली आणि कुरडूच्या भाजीची चर्चा करत होत्या. माहेरची भाषा जिभेवर आली होती. आम्हांला पाहून म्हणाल्या, “आलात? सांगा आता.” मी दत्ताची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, “खांब मोठा होता का गं?” मी म्हटलं, “मोठा होता, आई.”

तुम्ही निघालात तर

आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. पावसात वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याशी, सीतेच्या न्हाणीजवळ, धबधबा पडतो तो चुकवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात देवगिरी चढू नये. प्रत्येक ठिकाणी सकाळी लवकर पोचा. माकडांपासून सावध राहा, हातात खाऊची पिशवी दिसली की ओढलीच म्हणून समजा. स्वच्छतागृहाची चौकशी तिकीट खिडकीशीच करावी, लाजू नये. पितळखोऱ्याला जायचं तर ती सोय आणि पाणी दोन्ही कन्नडलाच पाहून घ्यावं. अंधारीसाठी छोटी बॅटरी ठेवा. अजिंठा ह्याच प्रवासात कोंबू नका, ते शंभर किलोमीटर दूर आहे आणि त्याला वेगळा दिवस द्यायला हवा. सोमवारी ते बंद असतं.

आणि पिशव्या? त्या गाडीत ठेवा. एसटीनं गेलात तर खांद्याला एकच हलकी पिशवी घ्या आणि तासातासानं पाळीपाळीनं धरा. घरातली सगळी मंडळी बरोबर असली तरी हाच नियम लावा. ह्यांना मी आल्या आल्याच सांगून ठेवलं आहे, पुढच्या वेळी झाडाखाली बसायची पाळी तुमची.

दोन दिवसांनी घरी परतलो तर ओट्यावर भांड्यांचा डोंगर होता. तोही त्या रात्री नुसता पाहिला आणि आम्ही झोपलो. सकाळी आईंनी भाचेसुनेला फोन लावायला सांगितला. म्हणाल्या, “अगं, तू विचारलं होतंस ना वरून काय दिसतं? ऐक, मी सांगते.” आणि मी त्यांना सांगितलेला देवगिरीचा माथा त्यांनी तिला असा रंगवून सांगितला, की ऐकणारीला वाटावं, ह्या कालच वर जाऊन आल्या!